मोजणीसाहेबांच्या नावाची डबी

ऐकताय ना? ही मी बोलतेय, पत्र्याची एक लांबट डबी. बिजागरी जरा कुरकुरते, एका कोपऱ्याला पोचा आहे आणि मूळचा रंग कुठला होता ते आता मलाही सांगता यायचं नाही. पण माझं तोंड अजून घट्ट मिटतं. माणसांचं उलटंच असतं. बोलायच्या वेळी त्यांची दातखीळ बसते आणि गप्प बसायच्या वेळी नेमकी जीभ सुटते. मी आयुष्यभर गप्पच राहिले, तेव्हा आज जरा बोलू द्या.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याला साच्यात घालून एक दणका दिला की झाली डबी. माझ्या बरोबरीच्या कुणात पेपरमिंट गेली, कुणात बुटाचं पॉलिश. माझ्या वाट्याला तंबाखू आली. वाईट वाटून घेऊन काय करणार? आत काय भरायचं हे डबीला विचारतंय कोण?

मला एका तंबाखूच्या दुकानाने घेतलं. अरुंद गल्लीत दोन पायऱ्या उतरून जायचं ते दुकान. मालकीण होती आत्या. खरं तर ती तिच्या भाच्याची आत्या, पण पोस्टमनपासून शेजारच्या शिंप्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. वेगवेगळी पानं बारीक कापायची, ज्याच्या-त्याच्या आवडीचं मिश्रण करायचं आणि पाइप ओढणाऱ्यांना टपालाने पाठवायचं, हा तिचा वडिलोपार्जित धंदा. दुकानात पाऊल टाकणारं गिऱ्हाईक विरळाच. सगळा कारभार लांबून.

त्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाने डबी पुरती रिकामी करायची नाही. तळाशी चिमूटभर तंबाखू ठेवून ती परत धाडायची. आत्या ती चिमूट नाकाशी धरायची. घर ओलसर आहे का, डबी उन्हात राहते का, माणूस टापटिपीचा की गबाळा, सगळं तिला त्यात कळायचं, आणि त्याप्रमाणे पुढचं मिश्रण ती कोरडं किंवा ओलसर करायची. भाचा मोठा झाला, त्याने कॉम्प्युटर आणला, नेटवर दुकान थाटलं. जुनी गिऱ्हाइकं मात्र डबीच पाठवत राहिली. आत्या त्याला म्हणायची, "तुझ्या त्या पडद्याला वास येतो का रे?" भाचा म्हणायचा, "नाही येत, पण त्याला शिंकाही येत नाहीत." दोघांचं बरं चाललं होतं.

मी गेले ती मोजणीसाहेबांकडे. जमिनी मोजणारे साहेब. निवृत्तीनंतर एका लहान गावात घर बांधून राहिलेले. माणूस मोजूनमापून बोलणारा आणि मोजूनमापून ओढणारा. दिवस मावळताना एक पाइप, त्याच्या वर नाही. मी त्यांच्या खिडकीत असायचे. महिन्यातून एकदा टपालाने आत्याकडे जायचे, भरून परत यायचे. दोन घरची पाहुणी म्हणा ना.

पुढे साहेबांचे हात थरथरायला लागले. काडी पेटवायची, विझायची. मग पाइप भरून, पेटवून देण्याचं काम काकूंकडे आलं. काकू म्हणजे साहेबांच्या बायको. पाइप नीट पेटायला पहिले दोनचार झुरके ओढावेच लागतात. ते काकू ओढत. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. नंतर येईनासं झालं. वर्षभरात ते दोनचार झुरके पाचसहा झाले. साहेब म्हणायचे, "अगं, माझ्यासाठी ठेवशील ना थोडी?" दोघं हसायचे.

साहेब गेले. आठ-पंधरा दिवस मला कुणी हात लावला नाही. मग एका संध्याकाळी काकूंनी दार लोटून घेतलं, खिडकीशी बसून पाइप भरला आणि शेवटपर्यंत ओढला. रडल्या नाहीत. उलट कितीतरी दिवसांनी त्या रात्री जेवल्या. तळाशी चिमूट उरल्यावर त्यांनी मला कागदात बांधलं, वर साहेबांचं नाव घातलं आणि टपालात टाकलं. मी भरून परत आले. साहेबांच्याच नावाने.

असं चार वर्षं चाललं. आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या नावाने का नाही मागवायची? सांगते. गाव लहान. मुलाचं त्याच गावात औषधांचं दुकान. तो आणि सून वरच्या मजल्यावर, काकू खाली. बाईमाणसाने, त्यातून विधवेने, पाइप ओढायचा म्हणजे गावाला वर्षभराचा विषय. पोस्टमनच्या हातचं पुडकं मात्र कुणी हुंगून बघत नाही. काकूंची ती एक संध्याकाळ त्या पुडक्यावर चालली होती. एरवी दिवसभर त्या कुणाची तरी आई, कुणाची सासू, कुणाची आजी.

सकाळी त्यांना खोकला यायचा. आधी थोडा, मग बराच. मी ऐकत होते. सून विचारायची तेव्हा त्या म्हणायच्या, "हवा बदललीय." चार वर्षं हवाच बदलत होती.

आणि मग तो कायदा आला. म्हणजे अजून आला नव्हता, मसुदा निघाला होता. तंबाखू नेटवरून विकायची नाही, टपालाने पाठवायची नाही, समोर उभ्या असलेल्या माणसालाच द्यायची. कारण काय, तर शाळेतली पोरं मोठ्यांच्या नावाने घरबसल्या मागवतात. ते अगदी खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण आत्याचं दुकान उभं होतं ते टपालावरच. तिने विरोध करायचं ठरवलं. भाच्याने प्रत्येक पुडक्यात एक छापील विनंती घातली: समितीपुढे सुनावणी आहे, येऊन चार शब्द बोला, नाहीतर आपलं दुकान बंद होईल. काकूंनी तो कागद वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. पुढच्या वेळी मला परत धाडताना त्यांनी उत्तर म्हणून काहीच लिहिलं नाही.

सुनावणी मोठ्या हॉलमध्ये होती. आत्याने मला सोबत नेलं, कारण सगळ्यात जुनी डबी मीच. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, चप्पल मात्र दुकानातलीच घालून आली होती. आधी छातीच्या दवाखान्यातली एक परिचारिका बोलली. आवाज चढवला नाही तिने. वॉर्डातली माणसं शेवटी श्वासासाठी कशी उठून बसतात तेवढंच सांगितलं आणि खाली बसली.

मग आत्या उठली. "बाईंचं बोलणं मी खोडून काढत नाही," ती म्हणाली. "पण पोरं माझ्याकडे येत नाहीत. त्यांना कोपऱ्यावर सुटी सिगारेट मिळते. माझी गिऱ्हाइकं मोठी माणसं आहेत. मोठ्या माणसाला आपलं बरंवाईट कळतं."

अध्यक्षांनी विचारलं, "मोठीच आहेत हे कशावरून? तुम्ही तर त्यांना पाहतही नाही."

"डोळ्यांनी नाही, नाकाने पाहते." आत्याने मला उघडलं. "ही चिमूट बघा. जमिनी मोजणारे एक साहेब आहेत. वय ऐंशीच्या घरात. घर ओलसर, डबी खिडकीत ठेवतात. माणूस शिस्तीचा. हल्ली चिमटीला सुगंधी पावडरीचा वास येतो. म्हातारपणी नटायला लागलेत, दुसरं काय!"

हॉल हसला. अध्यक्षसुद्धा हसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"ती पावडर माझी आहे."

काकू उभ्या होत्या. घरी खोटं सांगून, बस बदलत आल्या होत्या. तोंडात खडीसाखर धरली होती, खोकला येऊ नये म्हणून. "साहेब जाऊन चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाने मीच मागवते. मीच ओढते. मला गावात दुकानात जाता येत नाही. हे टपाल बंद करू नका, एवढं सांगायला आले होते."

किती धीर गोळा करून आली होती ती बाई! आणि तिने बोलावं तेच नेमकं उलटावं. अध्यक्ष पुढे झुकले. "म्हणजे चार वर्षं पार्सल मयत माणसाच्या नावाने जातंय? आणि दुकानाला त्याची खबरही नाही?"

काकू म्हणाल्या, "नाव त्यांचं, पण पैसे माझे. फसवलं नाही मी कुणाला."

"तुमच्याबद्दल म्हणत नाही मी. उद्या तुमच्या जागी एखादा मुलगा असेल, तर या बाईंच्या नाकाला कसं कळणार?"

आत्याने माझं झाकण मिटलं. चिमूट ठेवायची साहेबांची पद्धत काकूंनी जशीच्या तशी उचलली होती. घर तेच, खिडकी तीच. चुकलेली गोष्ट एकच, पावडर, आणि तिची आत्याने चेष्टा केली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं माणसं म्हणतात ते मी त्या दिवशी टेबलावर बसून पाहिलं.

बाहेरच्या जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. काकू म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं." आत्या म्हणाली, "तुमच्यामुळे कशाने? माझंच नाक फार वर होतं." मग तिने मला पिशवीत टाकलं. दुकानात नेऊन भरलं आणि शेवटचं म्हणून टपालाने धाडलं. या वेळी पुडक्यावर काकूंचं स्वतःचं नाव होतं.

पण त्याआधीच बातमी गावात पोचली होती. मेलेल्याच्या नावाने तंबाखू, असा मथळा होता. मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईशी सुनेमार्फत बोलू लागला. नातवंडं खाली यायची बंद झाली. कायदा झाला. आत्याच्या भाच्याने नेटवरचं दुकान मिटवलं आणि टायरच्या गोदामात नोकरी धरली.

काकूंनी मला पुरवून पुरवून वापरलं. मी रिकामी झाले तेव्हा एका दुपारी त्या कोपऱ्यावरच्या टपरीवर गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होते. टपरीवाल्याने मोठ्याने विचारलं, "काकू, तुम्ही? काय देऊ?" उभ्या असलेल्या चारपाच माणसांनी माना वळवल्या. त्यात शाळेच्या गणवेशातली दोन पोरं एक सिगारेट आळीपाळीने ओढत होती, त्यांनीही वळवल्या. काकू म्हणाल्या, "काडेपेटी." काडेपेटी घेऊन घरी आल्या. पेटवायला काही नव्हतं.

त्यानंतर किती दिवस गेले कोण जाणे. एका भर दुपारी दार वाजलं. सुनेने उघडलं. बाहेर आत्या उभी होती, घामाने डबडबलेली, हातात कापडी पिशवी. "मोजणीसाहेबांच्या मिसेसना भेटायचंय," ती म्हणाली. टपालाने पाठवायला बंदी होती, हाताने देण्याला नव्हती. बाई पहाटेपासून प्रवास करून आली होती.

काकू खाटेवर उठून बसल्या. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना उबळ आली. ती थांबेचना. आत्याने पिशवीत घातलेला हात तसाच राहिला.

"कधीपासून आहे हे?"

"झाली चारेक वर्षं."

आत्या स्टुलावर बसली. "टपालातून खोकला ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. तिने पिशवीतला हात रिकामाच बाहेर काढला. मग म्हणाली, "मला नाही देववत."

काकूंना राग आला. एवढा राग मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. "त्या हॉलात तुम्हीच म्हणालात ना, मोठ्या माणसाला आपलं बरंवाईट कळतं? ते काय फक्त न बघितलेल्या माणसाला लागू होतं? पोराने तोंड फिरवलं, टपरीवर तमाशा झाला, आणि आता तुम्हीही? भरा ती."

आत्याने मला भरलं. मापाने नाही, मुठीने. निम्मी खाली सांडली. ती सांडलेली गोळा करता करता आत्या रडली, आणि काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. चहा झाला. सुनेनेच केला. आत्या शेवटची बस पकडायला निघाली.

"उद्या संध्याकाळी ओढेन," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालावर रक्त आलं. त्याच परिचारिकेसारख्या कुणाच्या तरी वॉर्डात त्यांना नेलं. त्या परत आल्या नाहीत. आत्याला कळवायचं कुणाला सुचलं नाही. ती अजून समजत असेल, ओढत असतील काकू.

मला विचाराल तर मला सगळ्यांचाच राग येतो. कायदा करणाऱ्यांचा येतो, कारण त्यांनी म्हातारीचं दार बंद केलं आणि पोरांची टपरी उघडी ठेवली. आत्याचा येतो, कारण इतकं तीक्ष्ण नाक असून तिने खोकल्याची चौकशी कधी केली नाही. आणि माझा स्वतःचाही येतो. खोकला ऐकत होते मी आणि दर महिन्याला भरून परत येत होते.

मुलगा खोली आवरायला आला तेव्हा त्याने मला उचललं. जड लागले तशी मी भरलेली आहे हे त्याला समजलं. तो खाटेवर बसला आणि मला मांडीवर घेऊन "आई" एवढंच म्हणाला. मग उठून मला कपाटावर ठेवून दिलं. फेकत नाही, उघडतही नाही. मी तेव्हापासून इथे आहे, भरलेली. आतली तंबाखू सुकून भुगा झाली असेल.

या घरी कुणी आलात तर एवढं करा. मला खाली काढा, आतलं सगळं झटकून टाका, पुसा, आणि त्या वरच्या नातवंडांना खेळायला देऊन टाका. आजीची डबी आहे म्हणून सांगा. आजोबांची नव्हे, आजीची.