प्रिंटरखालचा अहवाल

मी एक अहवाल बोलतोय. पानं दोनशे चौदा, बांधणी निळ्या कापडाची, भाषा इंग्रजी. संगणकाकडून काम करून घेण्याआधी, ते काम ज्यांचं आहे त्यांची गरज नेमकी कशी ठरवावी, हा माझा विषय. १९८७ साली बीदर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात व्यंकटसरांनी मला लिहून पुरं केलं. तान्ह्या बाळांच्या लसींची यादी संगणकावर कशी ठेवावी, हे त्यांनी उदाहरण म्हणून घेतलं होतं. चार वर्षं ते माझ्यासाठी राबले. परीक्षकांनी माझ्यातल्या चौकटींची आणि बाणांची वाहवा केली, आणि मी फुशारलो.

फुशारण्यासारखं काही नव्हतं. 'वापरणारा' हा शब्द माझ्यात तीनशे वेळा येतो आणि त्यात एकाही जिवंत माणसाचं नाव नाही.

पुढच्याच वर्षी गुलबर्ग्याच्या एका कंपनीला आरोग्य खात्याकडून नेमकं हेच लसींच्या यादीचं काम मिळालं. सरांनी मला मोठ्या आशेनं तिकडे धाडलं. काम होतं नरसिंगकडे. हुशार माणूस, पण मुदत पंधरा दिवसांची. त्यानं मला नवव्या पानापर्यंत वाचलं.

"हे वाचून व्हईस्तोवर मुदत संपायची," तो म्हणाला. प्रिंटर फार हलायचा, म्हणून त्यानं मला त्याच्याखाली सरकवलं.

वर्षभर माझ्या डोक्यावर याद्या छापल्या गेल्या. प्रत्येक बाळापुढे एकच गाव, ते जन्मलं ते. डोस त्या गावात टोचला नाही, की पुढे शब्द यायचा 'गैरहजर'. कागदावर सगळं कसं चोख.

मग एका दुपारी चांगुणाबाई आल्या. निर्ण्याच्या बाजूच्या गावांत लस टोचणाऱ्या नर्सबाई, नोकरी हंगामी. हातात यादी आणि नोटीस होती. एकतीस बाळं गैरहजर, महिनाभरात खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

"ह्यो कंपुटर कोण चालवतंय?" त्यांनी विचारलं.

"मीच. कामून, अक्का?"

"ही एकतीस लेकरं कुठं हायत, सांगा. आठ वर्षं मी डबा घेऊन हिंडायलेय, मला एक घावंना."

"जन्म तुमच्याच गावांत झालाय की त्यांचा."

"झालाय, व्हय. पहिलं बाळंतपण म्हायेरी होतंय. पाचव्या महिन्यात पोरगी लेकरू घेऊन सासरी जाती. राहिलेली सुई तिकडं टोचत्यात. तुमचं लगीन झालंय का?"

"झालंय."

"लेकरू?"

"मुलगी. दोन वर्षांची."

"जन्मली कुठं?"

"भालकीला. बायकोचं माहेर."

"काढा भालकीची यादी."

प्रिंटर माझ्या पाठीवर थरथरला. तिसऱ्या कागदावर नरसिंगच्या स्वतःच्या मुलीचं नाव आलं. पुढे छापलं होतं 'गैरहजर'.

"तिला सगळे डोस दिलेत. इथं, गुलबर्ग्यात," नरसिंग हळूच म्हणाला.

"मला कशाला सांगताव? भालकीच्या नर्सबाईला सांगा. तिला बी नोटीस गेली असंल."

शेजारच्या टेबलावरचे चनमल्लप्पा पोट धरून हसले. नरसिंग हसला नाही. त्यानं मला ओढून काढलं, धूळ झटकली आणि व्यंकटसरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सर आले, चांगुणाबाईही पुन्हा आल्या. आल्या आल्या सर आणि नरसिंगची जुंपली.

"तुम्ही वाचलंच नाही."

"वाचण्यासारखं लिहिलं असतं तर वाचलं असतं, सर. ह्याच्यात माहेर कुठं हाय, दाखवा."

सरांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. माहेर माझ्यात नव्हतं. मला त्या वेळी प्रिंटरखालीच बरं वाटलं असतं.

"भांडण मागनं करा," चांगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या नोकरीचं काय ते बघा. मी सांगते, तुम्ही लिवा."

माझ्या शेवटच्या कोऱ्या पानांवर सरांनी मराठीत लिहिलं. बाळाला दोन गावं असतात, एक जन्माचं, एक राहण्याचं. पाळण्यात घालेपर्यंत बाळाला नाव नसतं, तेव्हा आईचं नाव लिहा, तेही माहेरचं आणि सासरचं. सर भराभर लिहीत होते आणि नरसिंग पुनःपुन्हा विचारत होता. चार वर्षांत जे माझ्या पोटात शिरलं नव्हतं, ते एका बैठकीत शिरलं.

तीन आठवड्यांत नवी यादी निघाली. एकतिसांपैकी अठ्ठावीस बाळं आपापल्या आईच्या सासरच्या गावी सापडली, डोस घेतलेली. उरली तीन. ती खरोखरच डोसाविना राहिली होती. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरांतली. अठ्ठावीस खोट्या गैरहजरांच्या गर्दीत तीन खरी लेकरं वर्षभर कुणाला दिसली नव्हती, आणि नोटीस मात्र चांगुणाबाईंना. ज्या साहेबांनी ती काढली, त्यांनी निर्ण्याचा रस्ता तरी पाहिला होता का? नोटीस मुकाट्यानं मागे घेतली गेली. दिलगिरीचा शब्द नाही.

आज १९९० साल आहे. माझी बांधणी सुटली आहे आणि पानांवर चहाचे डाग आहेत. विद्वानांनो, माझ्यासारखी जाड बाडं जरूर लिहा, पण आधी लसीच्या रांगेत उभे राहा. कंपनीवाल्यांनो, तुम्हाला मुदत असते हे मला ठाऊक आहे. पण चुकीचं काम वेळेवर देण्यात कसली आली मर्दुमकी?

चांगुणाबाईंची नोकरी कायम झाली, आणि आता मी त्यांच्याकडेच असतो. मागच्या गुरुवारी मला बगलेत मारून त्या मेंढपाळांच्या तळावर गेल्या. सुभद्राबाईच्या सहा महिन्यांच्या नातीला तिसरा डोस दिला. पोर रडून रडून लाल झाली. माझ्या पानावर टेकवून चांगुणाबाईंनी यादीत तिच्या नावापुढे लिहिलं 'हजर'.