लेव्हीनचं नाव

टेसमर बँकेच्या दोहा शाखेत अंतरा प्रसिद्धीचं काम बघायची. बँकेला दीडशे वर्षं झाली म्हणून इतिहासाचं प्रदर्शन लावायचं ठरलं आणि ते तिच्या गळ्यात पडलं.

तिनं त्यात जीव ओतला. बँक जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये दोघा भागीदारांनी काढलेली, टेसमर आणि लेव्हीन. १९३८ साली, नाझी राजवटीत, लेव्हीनचा नातू ज्यू म्हणून त्याचा हिस्सा दमदाटीनं लिहून घेतला गेला आणि पाटीवरचं नाव खरवडलं. त्या नातवाची मुलगी रूथ आता नव्वदीला टेकलीय, लंडनला असते. अंतरा तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलली होती.

"वडिलांची टोपी आत राहिली होती," रूथ म्हणाली होती. "ती आणायला गेले, तर त्यांनीच कामाला ठेवलेल्या दरवानानं त्यांना आत सोडलं नाही."

सोहळ्याच्या आदल्या दिवशी फलक छापून आले. १९३८च्या फलकावर एवढंच होतं: बँकेच्या मालकीत बदल.

अंतरा तडक कुशलच्या केबिनमध्ये शिरली. कुशल तिचा साहेब, पुण्याचा.

"हे कोणी कापलं?"

"मी. लोक जेवायला येणारेत अंतरा, सुतकाला नाही."

"घरात घुसून कोणी तुम्हाला बाहेर काढलं, तर त्याला मालकीत बदल म्हणाल?"

"आपलं काय जातंय? ना आपलं गाव, ना आपली माणसं. खलास."

ती बाहेर आली. अल सद्द भागातल्या घरी पोचली तरी कानशिलं तापलेलीच होती. "उद्या तिथं हे बोललीस तर नोकरी जाईल," नवरा अवधूत म्हणाला. "जाऊ दे," ती म्हणाली.

सोहळ्याचं सूत्रसंचालन तिच्याकडंच होतं. १९३८ आलं तेव्हा तिनं हातातला कागद खाली ठेवला आणि जे घडलं ते सरळ सांगितलं, टोपीसकट.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीच्या प्रत्येक वाक्याला वाजवल्या होत्या तशाच. कोणी ऐकलंच नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टाळ्या नकोत," ती माइकवर म्हणाली. "ह्या बँकेनं आपल्याच मालकाला हाकलून दिलं. पुन्हा सांगते, नीट ऐका."

तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश. चमच्यांचे आवाज थांबले. पुढच्या रांगेतल्या जर्मन पाहुण्यांपैकी एक उठून निघून गेला, बाकीचे मान खाली घालून बसले.

पार्किंगमध्ये कुशलनं गाठलं. "उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. पण त्या फलकावर लेव्हीनचं नाव घाला."

त्यानं घातलं नाही. प्रदर्शन महिनाभर तसंच चाललं. अंतराचा राग अजून उतरलेला नाही.