चिरेवरची काचपट्टी

मित्रांनो, मी एका जुन्या खिडकीची काच. आता बोटभर रुंदीची पट्टी उरले आहे, तीही दोन तुकड्यांत. माझा जन्म भट्टीत झाला आणि पुष्कळ वर्षं मी एका दवाखान्याच्या खिडकीत उभी होते. पुढे खिडक्या बदलल्या आणि काचवाल्याने कापून माझ्या पट्ट्या केल्या. फुटायची भीती तेव्हापासून माझ्या मनात बसली, ती काही गेली नाही.

तक्रार कार्यालयातल्या तपासनीस बाईंनी मला उचललं आणि एका नव्या घरात आणलं. नवं म्हणायचं आपलं! जिन्याला कठडा नाही, मोरीचं पाणी उलटं दाराकडे धावतं आणि मागच्या खोलीच्या भिंतीला छतापासून उतरलेली लांब चीर. ठेकेदाराकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर होतं, "होऊन जाईल." घरात त्याचं नावच 'होऊन जाईल' पडलं होतं. त्या घरातल्या सूनबाईंनी कार्यालयात हेलपाटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुठे ही तपासणी लागली.

"अहो ताई, गिलावा वाळला की अशा रेघा पडतातच. भिंत एकदम पक्की," ठेकेदार म्हणाला.

तपासनीस बाईंनी वाद घातला नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना गिलाव्याचे दोन गोळे थापून त्यांत माझी टोकं रोवली. "भिंत सरकत असेल तर ही काच तडकेल. मग भिंत ठेकेदाराने पाडून पुन्हा बांधायची. नाही तडकली, तर तक्रार बंद."

एवढ्यात घरातल्या आजी चहा घेऊन आल्या. त्यांच्या कानावर फक्त शेवटचं पडलं, "हिला सांभाळा, कुणी हात लावू नका."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. सूनबाई रोज सकाळी मला निरखायच्या आणि पुटपुटायच्या, "अजून धडच आहे मेली!" आजी मात्र मला तान्ह्या बाळासारखं जपायच्या. त्यांची खाट माझ्या खालीच होती. झोपण्याआधी त्या माझ्याकडे एकदा बघून घ्यायच्या. मी तडकले तर सूनबाई जिंकणार, टिकले तर मी जगणार. मला दोन्ही हवं होतं आणि भिंत मला हळूहळू ओढत होती. ते फक्त मलाच कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

सूनबाई चार दिवस माहेरी गेल्या. आजींना माझ्यावर धूळ दिसली. हात लावायचा नाही हे ठाऊक होतं, पण धूळ बघवेना. त्यांनी मऊ फडकं फिरवलं आणि मी तडकले.

"अगं बाई! सरकारी वस्तू!" आजी म्हणाल्या. त्यांनी मला पाण्याने भिजवून सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि गादीखाली दडवलं.

सूनबाई परतल्या त्याच दिवशी तपासणी होती. भिंतीवर नुसते गोळे होते. सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ठेकेदार मात्र खुशीत आला. "काच कुठाय? यांनीच काढली असणार! ताई, तक्रार बंद करा."

आजी पुढे आल्या. त्यांनी फडकं उलगडलं. "माझ्या हातून फुटली हो. सुनेचा काही दोष नाही."

"बघा, म्हातारीच कबूल करतेय!" ठेकेदार म्हणाला.

तपासनीस बाईंनी माझे तुकडे उचलले. गोळ्यांमध्ये माझ्या टोकांच्या खाचा तशाच होत्या. दोन्ही तुकडे आपापल्या खाचेत बसले, पण एकमेकांना टेकले नाहीत. मधल्या फटीत बाईंचं नख गेलं. 'होऊन जाईल' दाराकडे सरकू लागला.

"आजी, फडक्याने फुटली असती तर तुकडे जुळले असते. भिंत सरकली आहे."

"म्हणजे मी नाही फोडली?" आजी मटकन खाटेवर बसल्या. मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. "अगं, मी हिच्या पायथ्याशी झोपत होते!"

सूनबाईंनी एका हाताने सासूबाईंना उठवलं आणि दुसऱ्या हाताने खाट ओढायला घेतली. तक्रार जिंकल्याचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मित्रांनो, एवढंच सांगते. घरात काही तडकलं तर लपवू नका, आणि कोणी फोडलं म्हणून ओरडूही नका. आधी माणसांना बाजूला घ्या. काच मागाहून वेचता येते.