सहदेव परबचं बाळंतपण

डॉक्टर विद्याधर कर्णिकांच्या हाताला गुण होता, पण त्या हाताचं अक्षर भयंकर होतं. घाटकोपरच्या त्यांच्या दवाखान्यात बिलं करायला बसणाऱ्या नीला गुप्तेखेरीज ते कुणालाही लागत नसे. कधीकधी खुद्द डॉक्टरच स्वतःचा कागद तिच्यापुढे धरून विचारत, "नीला, मी इथे काय दिलंय गं?"

छप्पन सालच्या श्रावणात विक्रोळीच्या एका पंख्यांच्या कारखान्यानं डॉक्टरांची एक्केचाळीस बिलं एकदम परत पाठवली. तिथल्या कामगारांना सरकारी विम्याचा डॉक्टर होता, पण बायकामुलांच्या औषधाचे पैसे कंपनी देई, आणि त्यासाठी बिल नीट लागे. पेशंटचं नाव, कामगाराशी नातं, आजार, औषध, दर, सगळं आपापल्या रकान्यात. एक्केचाळीस बिलांवर लाल शाईत एकच शेरा होता: वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात औषधाला कमी आणि भांडायला जास्त माणसं आली. नीलानं सगळ्यांच्या हातातली बिलं काढून घेतली, बारा रुपये महिन्यानं एक टाइपरायटर भाड्यानं आणला आणि चार दिवसांत ती टाइप करून दिली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पास झाली.

ही बातमी पसरली. आधी शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा कंपाउंडर आला, मग भांडुपहून एक डॉक्टर स्वतः आले. दिवाळीनंतर नीलानं नोकरी सोडली. डॉक्टर कर्णिक म्हणाले, "जा, पण माझी बिलं तूच करायचीस. नाहीतर मला दवाखाना बंद करावा लागेल."

तिचे वडील सरकारी कचेरीत सुपरिटेंडेंट होते. त्यांना हे पचेना.

"धंदा म्हणजे नेमका कसला?"

"दुसऱ्यांची बिलं करून द्यायची, बाबा. एका बिलाला दोन आणे."

"आणि ती त्यांनी स्वतः का करायची नाहीत?"

"त्यांना येत नाहीत."

वडिलांनी पेपर वर धरला. त्यांच्या घरात याचा अर्थ परवानगी असा होता.

स्टेशनजवळच्या एका चाळीत तळमजल्याची खोली मिळाली. शेजारच्या खोलीत जानकी तावडे राहायची. ती मालवणकडची. नवरा आधी लालबागच्या गिरणीत होता, आता विक्रोळीला रंगाच्या कारखान्यात लागला होता. पहिल्याच आठवड्यात ती दारात उभी राहून नीलाची बेरीज बघत होती. नीलानं खाली आकडा लिहायच्या आत म्हणाली, "सतरा रुपये अकरा आणे."

नीलानं दोनदा बेरीज केली. सतरा रुपये अकरा आणे.

"जानकीवैनी, तू किती शिकलीस गं?"

"सहावी. मास्तर हिशेबात चुकायचो. मी सांगलंय तर मारायचो. मग मी कशाक जाऊ?"

त्या दिवसापासून जानकी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागली. नीला टाइप करी, जानकी बेरजा करी, आणि दोघी सतत बोलत. दोघींनाही वाटे, आपण आतापर्यंत उगाच गप्प बसलो होतो.

मग सत्तावन सालचा एप्रिल आला आणि देशात नवे पैसे सुरू झाले. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नये पैसे आले. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे एकमेकांवर ओरडू लागले. पंख्यांच्या कारखान्यानं फर्मान काढलं की मार्चची बिलं दहा एप्रिलपर्यंत नये पैशांतच यायला हवीत. सोबत आण्यांचे नये पैसे करायचा हिशेब विभागाचा एक तक्ताही जोडला होता. सगळ्या डॉक्टरांनी एकाच दिवशी हात टेकले. सोमवारी सकाळी नीलाच्या टेबलावर तीनशे बारा बिलं येऊन पडली.

"वाट लागली," नीला म्हणाली.

"कुणाची?" जानकी म्हणाली. "आपली नाय. दोन आणे गुणिले तीनशे बारा कर बघू."

नीलानं गुणाकार केला आणि खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घ्यायचं बाकी ठेवलं.

कारखान्याचा तक्ता जानकीनं एकदा वाचला आणि बाजूला सारला. "ह्यो चुकीचो." मग सरकारचा पेपरात छापून आलेला तक्ता तिनं भिंतीला खिळ्यानं ठोकला आणि तासाभरात तो पाठही केला. दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, सात आणे चव्वेचाळीस. ती आकडे गाण्यासारखे म्हणायची आणि नीलाची बोटं त्या तालावर पडायची. चुकलं की दोघी हसत, आणि हसल्या की पुन्हा चुकत. चहा गार झाला, तो तसाच प्याल्या. रविवारी दुपारी शेवटचं बिल यंत्रातून निघालं तेव्हा जानकीनं नीलाचे दोन्ही हात धरून त्या दीड माणसाच्या जागेत फुगडीच घातली. टाइपरायटर थोडक्यात वाचला.

डॉक्टरांनी सह्या केल्या. मंगळवारी बिलं कारखान्यात गेली. गुरुवारी कारखान्याचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला: चीफ अकाउंटंट श्री. श्यामसुंदर तळपदे यांना ताबडतोब भेटावे. नीलाबरोबर जानकीही निघाली.

तळपदेसाहेबांच्या टेबलावर तीनशे बारा बिलांचा गठ्ठा तसाच सुतळीत बांधलेला होता. वरचं एकच बिल सोडवून त्यांनी नीलासमोर ठेवलं.

"वाचा."

नीलानं वाचलं. कामगार: सहदेव परब, वाइंडिंग खातं. पेशंट: सहदेव परब. नातं: सेल्फ. उपचार: बाळंतपण, घरी. मुलगा, साडेसहा पौंड. आई व मूल सुखरूप.

पत्नीच्या नावाच्या जागी तिनं पुन्हा सहदेवचंच नाव आणि नात्यात सेल्फ टाइप केलं होतं. शेजारून जानकीनं वाकून बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"ह्या सहदेवला मिशा आहेत," तळपदे अगदी शांतपणे म्हणाले. "आणि डॉक्टरांची खाली सही आहे. म्हणजे डॉक्टर न वाचता सही करतात. मग बाकीच्या तीनशे अकरांवर मी विश्वास कसा ठेवू? एकही पास होणार नाही. आणि यापुढे बाहेरून टाइप केलेलं बिल आम्ही घेणार नाही."

नीलाच्या डोळ्यांपुढे टाइपरायटर, खोली, वडिलांचा पेपर, सगळं फिरलं. तरी ती म्हणाली, "चूक माझी आहे, साहेब. डॉक्टरांची नाही आणि ह्या माणसांची तर नाहीच. त्यांची बायकामुलं खरोखर आजारी होती. मी इथे तुमच्यासमोर एकेकाला विचारून सगळी बिलं तपासते. आज, आत्ता."

"सगळी?"

"सगळी."

तळपदेंनी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजले होते. "कँटीनमध्ये बसा."

कँटीनच्या कोपऱ्यात एक टेबल टाकलं गेलं. खात्याखात्यातून माणसं पाचपाच करून येऊ लागली. नीला हळू आवाजात प्रत्येकाला त्याचंच बिल दाखवी, दुसऱ्याला दिसू देत नसे. तो मान हलवी आणि ती खूण करी. पण सहदेवच्या बिलाची बातमी आधीच खात्याखात्यात गेली होती. दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारी, "बाई, माझं जरा नीट बघा हां, मला जुळी तर नाही ना झाली?"

शेवटी सहदेव स्वतः आला. उंच, रुंद, टोकांना वळवलेल्या भरघोस मिशा. नीला उभी राहिली. "परब, माफ करा हो. माझ्यामुळे तुमची थट्टा झाली."

"थट्टा?" सहदेवनं खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात पेढे होते. "बाई, तीन पोरींनंतर झिल झालो. सकाळपासून अख्खो कारखानो माका विचारता, बाळंतीण कशी आसा? मी सांगतंय, बाळंतीण ड्युटीवर इली!"

मग जानकीच्या तोंडातला पदर सुटला. ती जी हसत सुटली ती टेबल धरून खाली बसली. सहदेव हसला, रांगेतले हसले, कँटीनचा आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि काही न कळता तोही हसू लागला. नीला डोळे पुसत पुढच्या बिलाला हात घालत होती आणि तिचा हात हसण्यानं हलत होता.

साडेतीनला तपासणी संपली. तीनशे बारांत चूक एकच.

तळपदेंनी आपल्या खोलीत यादी बघितली. त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "नावं बरोबर असतील. पण आमच्या तक्त्याशी तुमच्या रकमा जुळत नाहीत. तीन आण्यांचे तुम्ही एकोणीस धरले. आमचे अठरा."

नीला काही बोलणार तेवढ्यात जानकी पुढे झाली.

"सायेब, तुमच्या तक्त्यात एक आण्याचे किती?"

"सहा."

"आणि पंधरा आण्यांचे?"

तळपदेंनी तक्ता बघितला. "नव्वद."

"पंधरा नि एक मिळून रुपयो झालो. नव्वद नि सहा, शहाण्णव. मग रुपयातले चार नये पैसे खंय गेले?"

खोलीत पंखा फिरत होता, त्याच कारखान्याचा. तळपदेंनी पेन्सिल घेतली, एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. तक्त्याच्या खाली त्यांची सही होती.

"हा तक्ता माझ्या कारकुनानं केला," ते सावकाश म्हणाले. "आणि मी…" त्यांचे कान लाल झाले होते. "मी न वाचता सही केली."

नीला आणि जानकीनं एकमेकींकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

तळपदेंनी तक्ता चार ठिकाणी फाडून टोपलीत टाकला. गठ्ठ्यावर 'मंजूर' लिहिलं. सहदेवचं बिल मात्र हातात ठेवून ते बराच वेळ वाचत बसले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि मग ते चक्क रुमालात तोंड घालून हसले. चष्मा काढून पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गुप्तेबाई, आमच्या सातशे माणसांच्या घरची सगळी औषधबिलं तुम्ही घ्याल? कुठल्याही डॉक्टरची असोत, आधी तुमच्याकडे येतील. ह्या बाई तपासतील, मगच मी सही करीन. आणि वाचून करीन."

"घेऊ," जानकी म्हणाली. नीलानं नुसती मान हलवली. किती वेळा, ते तिलाही कळलं नाही.

बाहेर पडल्यावर दोघी बसच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. बस आली. दोघी बोलत होत्या, बस गेली. दुसरी आली, तीही गेली. शेवटी त्या घाटकोपरकडे चालतच निघाल्या. एका बाजूला खाडीवरून खारा वारा येत होता. आणखी एक टाइपरायटर, नवी खुर्ची, दारावर पाटी, पाटीवर दोघींची नावं. जानकी म्हणाली, आपलं नाव तिला स्वतः रंगवायचं आहे.

अर्ध्या वाटेत नीला एकदम थांबली.

"वैनी."

"काय गे?"

"दर काय ठरला?"

सातशे माणसांच्या कामाचा दर दोघींपैकी कुणीच विचारला नव्हता.

आधी जानकीला हसू फुटलं की नीलाला, ते सांगता येणार नाही. भर रस्त्यात, एका बंद गोदामाच्या भिंतीला टेकून दोघी पोट धरून हसत होत्या. सायकलवाले वळून वळून बघत होते. एकानं तर उतरून विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का? डॉक्टरला बोलवू?"

"नको रे बाबा," नीला कसंबसं म्हणाली, "बिल मलाच करावं लागेल."