टिक न लागलेली तक्रार

"'दात पुढे'? हेपण लिहिलं तुम्ही?" मी वही ओढली.

बाबांनी ती परत घेतली. "लोकांची शिकायत आहे ना, बेटा. नोंद करावी लागते."

मल्हारगंजात आमचं मिक्सर रिपेअरिंगचं दुकान आहे. तीस वर्षं बाबांचा एकच हिशेब: ग्राहक म्हणेल ते खरं धरायचं, वहीत लिहायचं, दुरुस्त झालं की टिक मारायची. मिक्सरपुरतं ठीक आहे. पण बाबा आता आमच्या व्हिडिओखालच्या कमेंट्सपण त्याच वहीत उतरवायला लागले.

व्हिडिओ मीच सुरू केले, चूक माझीच. आई गेल्यावर दोन वर्षं बाबा 'मीठ दे' आणि 'कडी लाव' एवढंच बोलायचे. एकदा मोबाईल समोर धरून म्हटलं, सांगा, मिक्सर जळतो कसा. बावीस मिनिटं बोलले. आई चटणीत चमचा विसरली होती तो किस्सापण सांगितला. हसले पण.

मग एक व्हिडिओ चालला आणि फालतू लोक आले. 'अंकल, पहले मुँह धो लो.' 'शर्ट कबाड़ी से लिया क्या?'

मलापण लिहितात, शाळेतून पळालेली, अनपढ. मी दोन कडक सुनावते आणि पोहे खाते. बाबांना घास जात नाही. "उगाच कोण कशाला लिहील?" म्हणतात.

अहो, उगाचच लिहितात. किती वेळा सांगू यांना.

नवा शर्ट घेतला, टिक. आवाजासाठी मिठाच्या गुळण्या, टिक. अन्नपूर्णा भागातल्या डेंटिस्टला विचारून आले, पंचावन्नाव्या वर्षी दात मागे जातात का. नाही जात. तेव्हापासून तोंडावर हात ठेवून हसायचे. मग हसणंच सोडलं.

"ते ग्राहक नाहीत, बाबा. एकाने तरी मिक्सर आणला का?"

"बघतात तर ना."

"मी कमेंट बंद करते."

"शिकायत ऐकायची नाही आणि दुकान चालवायचं? असं नसतं."

काल नवी कमेंट आली: 'बुड्ढा बोलता बहुत है.' मी डिलीट केली, तोवर यांनी वाचली होती.

आज दुपारी मोबाईल लावला. बाबांनी मिक्सर उघडला. झिजलेला कार्बन ब्रश काढून कॅमेऱ्यासमोर धरला, नवा बसवला. ओठ गच्च मिटलेले. बोला ना, मी हाताने खुणावलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. अकरा मिनिटं नुसता पेचकसचा आवाज.

तेवढ्यात द्वारकाबाई आल्या, मिक्सर त्यांचाच. "काय बिघडलं होतं हो, पांडुभिया?" विचारून त्या स्टूलवर बसल्या, नेहमीसारख्या, ऐकायला.

बाबांनी बटन दाबून मिक्सर चालवून दाखवला. बंद केला. वायर नीट गुंडाळून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला.

द्वारकाबाई बसूनच होत्या. त्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कार्बन ब्रश गेला होता," मी म्हटलं.