आठ इंची खोका

टाचणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून, ओठांत टाचण्या धरूनच गिऱ्हाइकांशी बोलायची सवय लागली, म्हणून गल्लीनं ते चिकटवलं. मापाच्या बाबतीत त्यांना कुणी गंडवू शकत नसे. पण त्या दिवशी स्पीकरच्या दुकानात त्यांची पार दांडी गुल झाली.

"काकू, आठ इंची देऊ की दहा इंची?" दुकानदारानं विचारलं.

"कुठून कुठपर्यंत?"

"आतला पडदा गोल असतो ना, त्याचं माप."

बाईंनी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही. त्यांच्या यजमानांनी छापखान्याच्या यंत्रावर तीस वर्षं काढली होती आणि त्यात कान गमावले होते. श्रवणयंत्र लावलं की समोरच्याचं बोलणं कसंबसं कळे. गाणं मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटे. मग त्यांनी आपल्या जुन्या म्युझिक सिस्टीमवर चादर टाकली ती टाकलीच. मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, एक छोटा सबवूफर घे, नुसता खर्ज वाजवणारा स्पीकर. खालचे ठोके कानाला नाही तरी अंगाला कळतात." बाईंनी कागदावर 'सबूफर' असं लिहून आणलं होतं.

"हा एवढासा, आणि त्या मोठ्यापेक्षा महाग?" त्यांनी एका खोक्याकडे बोट दाखवलं.

"लहान जागेत तेवढाच आवाज बसवायचा म्हणजे कारागिरी लागते, काकू."

एवढं एक वाक्य मात्र बाईंना चटकन पटलं. तान्ह्या बाळाच्या कपड्याला कापड कमी लागतं, शिलाई नाही. पण पुढे वॉट आले, हर्ट्झ आले, पुढून आवाज फेकणारा, खालून फेकणारा, भोकाचा आणि बिनभोकाचा. त्यांनी आपल्या पैशात बसणारा एक खोका ठरवला, तर दुकानदारानं विचारलं, "तुमच्या सिस्टीमला सबवूफरची पिन आहे का? नसली तर हा चालायचा नाही. मागच्या बाजूचा फोटो आणा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोटो आणला. तो पुढच्या बाजूचा होता.

"काकू, मागची बाजू!"

"अहो, मागे भिंत आहे. मला काय माहीत तिथं काय दडलंय!"

तिसऱ्या खेपेला योग्य फोटो आला. पिन नव्हती, नुसते तारा अडकवायचे खटके होते. दुकानदारानं कोपऱ्यातून एक आठ इंची खोका काढला. त्याला साध्या स्पीकरच्या तारा जोडता येत होत्या, आणि मागच्या वर्षीचा म्हणून तो स्वस्तही होता. बाईंनी तो घेतला. बरोबर घेतला की चूक, हे मात्र घरी पोचेपर्यंत त्यांना उमगेना.

शेजारच्या वायरमननं जोडणी करून दिली. पहिल्यांदा कोपऱ्यात ठेवला तर कपाटातल्या काचा थरथरायला लागल्या. दाराजवळ ठेवला तर सगळंच मिळमिळीत. शेवटी सोफ्याच्या बाजूला सरकवला, तेव्हा जरा बरं वाटलं. वायरमन गेल्यावर बाईंनी जुनी कॅसेट लावली.

यजमान नुकतेच बाहेरून येऊन पेपर वाचत बसले होते. ते एकदम उठले आणि दार उघडायला गेले. बाहेर कुणीच नव्हतं. परत येऊन बसले, पुन्हा उठले.

"अगं, कोण ठोठावतंय?"

दोन वर्षांत यजमानांना दारावरची थाप कळली नव्हती. बाईंनी त्यांचा हात धरून खोक्यावर ठेवला. यजमान बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग बोटांनी ठेका धरला.

"ओळखलं!" म्हणाले आणि एका गाण्याचं नाव सांगितलं.

वाजत होतं ते गाणं वेगळंच होतं. बाईंनी कॅसेटचं कव्हर उलटून पाहिलं, पुन्हा कान देऊन ऐकलं. चुकलंय म्हणून सांगावं, तर चेहरा इतका खुललेला. हो म्हणावं, तर उभ्या जन्मात मापात खोटं बोललेल्या नाहीत.

"ते नाही हो," शेवटी त्या त्यांच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या. "पण जवळपासचंच आहे."

"मग पुन्हा लाव."

त्यांनी कॅसेट मागे फिरवली. यजमानांनी खोका ओढून आपल्या खुर्चीपुढे घेतला, चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय त्यावर टेकवले.

"अहो, पाय काय ठेवता? नवा आहे तो!"

"मग ऐकू कसं?"

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. यजमानांना नेमकं किती पोचतंय, काय पोचतंय, हे आजही कुणी विचारलं तर बाईंना धड सांगता येत नाही. त्या दिवशी मात्र ते एकच गाणं चार वेळा वाजलं आणि चार वेळा त्यांनी चार वेगवेगळी गाणी ओळखली.