मागच्या जिन्यावरची पावलं

मी या महालाचा मागचा जिना बोलतोय. पुढचा तो संगमरवरी, ज्याच्यावर उभं राहून लोक फोटो काढतात, तो वेगळा. मी लाकडी, अरुंद, नोकरांच्या जाण्यायेण्यासाठी केलेला. पायऱ्या सव्वीस. सुतार मनाचा चांगला, पण मापाला कच्चा. माझी नववी पायरी त्याने बोटभर उंच करून ठेवली. नवा माणूस तिथे हमखास ठेचकाळायचा आणि सुताराचा उद्धार करायचा.

मालक गेले, मग बरीच वर्षं कुलूप होतं, मग तिकीट काढून लोक बघायला येऊ लागले. ते सगळे पुढून. माझ्या वाट्याला एकच माणूस उरलं, चावीकाकू. कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात बादली. रोज सकाळी वर जाऊन त्या चाळीस खिडक्या उघडायच्या, फरशी पुसायच्या आणि संध्याकाळी सगळं लावून उतरायच्या. अशी एकतीस वर्षं. पुढे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मधेच बसायच्या. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "तू गप रे! चढतेय मी, आणि कण्हतोयस तू!"

मला ते फार आवडायचं. म्हातारपणी कुणीतरी अरेतुरे करणारं लागतं.

मग नूतनीकरण निघालं. कपाळावर चष्मा सरकवलेल्या डिझायनरबाई नकाशे घेऊन आल्या. "पाहुण्यांना अनुभव मिळाला पाहिजे," असं त्या दिवसातून दहादा म्हणायच्या. लिफ्ट बसली. खिडक्या बटणावर उघडू लागल्या. माझ्यावरून कुणी घसरलं तर निस्तरायचं कुणी, म्हणून मला बंद करायचं ठरलं.

त्याआधी एका सकाळी काकूंना बोलावणं आलं. कानाला हेडफोन लावलेल्या माणसाने माझ्या पायऱ्यांना माइक चिकटवले होते. काकू नव्या चपला घालून आल्या होत्या.

"जुन्याच घाला काकू," तो म्हणाला. "बादली घ्या आणि नेहमीसारखं वर-खाली करा. बोलायचं मात्र नाही."

काकू तीनदा चढल्या, तीनदा उतरल्या. नवव्या पायरीवर त्यांचा पाय आपसूक उंच उचलला गेला.

"झकास! आता हे दिवसभर वाजत राहील," हेडफोनवाला म्हणाला.

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

शेजारी उभ्या डिझायनरबाई चष्मा पुसत राहिल्या. "तुम्ही आता आराम करायचा, काकू."

काकूंनी कमरेचा जुडगा सोडवून माइकवाल्याच्या टेबलावर ठेवला. "लहान चावी जरा आडमुठी आहे, उलटी फिरवावी लागते," एवढंच सांगितलं आणि गेल्या.

आठवड्याभरात माझ्या वरच्या तोंडाशी भिंत उभी राहिली आणि खालच्या तोंडाशी काच. आत एक पिवळा दिवा. अंगाला चकचकीत पॉलिश. वाळवीचं औषध असं मारलंय, की सोबतीला वाळवीसुद्धा फिरकत नाही.

पहिल्या दिवशी पावलं वाजली आणि मी फसलो. काकू आल्या म्हणून अंग सावरून धरलं. आवाज एकेक पायरी वर गेला, भार काही आला नाही. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी हेच. सांगायचं कुणाला? मला कुरकुरायचं म्हटलं, तरी कुणीतरी अंगावर पाय द्यावा लागतो.

गेल्या महिन्यात काकू तिकीट काढून आल्या. सोबत नात होती. गाइड लोकांना सांगत होता, "शंभर वर्षांपूर्वीची कुणी अनामिक दासी चढतेय, असं समजा."

"आजी, हे तर तुझं चालणं!" नात मोठ्यांदा म्हणाली. लोक हसले.

"हो, माझंच आहे," काकू म्हणाल्या.

"पुढे चला हं आजी, मागे रांग आहे," गाइड म्हणाला.

काकू हलल्या नाहीत. पावलं थांबेपर्यंत काचेला नाक लावून उभ्या होत्या, ओठांत पायऱ्या मोजत. मग नातीचा हात धरून लिफ्टकडे गेल्या. मी हातभर अंतरावर होतो आणि मला साधं करकरताही आलं नाही.

मला मोकळं करा, असं मी म्हणत नाही. ती भिंत पक्की आहे. पण कधी इकडे आलात, तर काउंटरवर एवढं सांगा, की काचेवरच्या पाटीवर एक ओळ वाढवा: ही पावलं चावीकाकूंची आहेत. त्या हयात आहेत, मागच्याच गल्लीत राहतात.